पेशीबाह्य पुटिका आणि मेंदूचे ऱ्हासविकार : म्हैसूरच्या संदर्भात एक अभ्यास

कंपवाताच्या रुग्णाचा हात पहिल्यांदा थरथरू लागतो, तेव्हा त्याच्या मेंदूच्या तळाकडील एका काळसर पट्ट्यातील, डोपामीन तयार करणाऱ्या चेतापेशींपैकी निम्म्या किंवा त्याहूनही अधिक पेशी नष्ट झालेल्या असतात. अल्झायमरच्या विकारात हे अंतर आणखी मोठे आहे. विसरभोळेपणा घरच्यांच्या लक्षात येतो त्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून मेंदूत विकृत प्रथिनांचे साठे जमू लागलेले असतात. औषधोपचार सुरू होतो तो त्यानंतर. मेंदूच्या ऱ्हासविकारांवरील बहुतेक औषधे चाचण्यांत का अयशस्वी ठरली, याचे एक महत्त्वाचे कारण या कालगणनेत आहे : उपचार वरातीमागून घोड्यासारखा येतो.

हा प्रश्न पाश्चात्त्य देशांपुरता राहिलेला नाही. देशव्यापी वार्धक्य-अभ्यासाच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. स्मृतिभ्रंश हे लक्षणसमूहाचे नाव आहे. अल्झायमरचा विकार हे त्यामागील अनेक कारणांपैकी सर्वांत मोठे कारण होय. स्पर्धा परीक्षांच्या उत्तरांत या दोन संज्ञा सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, ते चुकीचे आहे.

निदान लवकर व्हावे, तर मेंदूत काय चालले आहे हे लवकर कळले पाहिजे. परंतु यकृताचा किंवा त्वचेचा तुकडा काढून तपासता येतो, तसा जिवंत माणसाच्या मेंदूचा काढता येत नाही. पाठीच्या कण्यातून मेंदू-मज्जाद्रव काढून तपासणे शक्य असले, तरी निरोगी दिसणारा माणूस त्यासाठी सहजी तयार होत नाही. मेंदूचे विशेष प्रतिमाचित्रण खर्चिक असून मोठ्या शहरांपुरते मर्यादित आहे. मेंदूतील पेशींनी स्वतःच बाहेर सोडलेले आणि रक्तापर्यंत पोहोचणारे काही सूक्ष्म कण वाचता येतील काय, या प्रश्नाला म्हणूनच गेल्या दोन दशकांत महत्त्व आले. या कणांना पेशीबाह्य पुटिका असे म्हणतात.

पुटिका म्हणजे काय?

पुटिका म्हणजे मेदाच्या दुहेरी पटलाने वेढलेली अतिसूक्ष्म पिशवी. शरीरातील जवळजवळ प्रत्येक प्रकारची पेशी अशा पिशव्या बाहेर सोडते. आकार व निर्मितीची रीत यांवरून त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग केले जातात. पेशीच्या आतील एका कोशात तयार होऊन, तो कोश पेशीपटलाला भिडल्यावर बाहेर पडणाऱ्या ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका म्हणजे एक्झोसोम. पेशीपटलालाच बाहेरून फुगवटा येऊन तो तुटल्याने बनणाऱ्या, साधारण १०० ते १००० नॅनोमीटरच्या पुटिका या सूक्ष्मपुटिका होत. मरणाऱ्या पेशीचे तुकडे होऊन बनणारे अधिक मोठे पिंड हा तिसरा वर्ग. रक्तातील तांबडी पेशी सुमारे ७००० नॅनोमीटर रुंद असते; १०० नॅनोमीटरच्या सत्तर पुटिका ओळीने ठेवल्या, तर ती रुंदी भरेल. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या दिसत नाहीत, यात नवल नाही.

या कणांचा इतिहास विज्ञानातील उपेक्षेचा नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. १९४६ मध्ये शारगाफ आणि वेस्ट यांना रक्तद्रवाच्या गाळात रक्त गोठविण्यास मदत करणारे कण आढळले. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी त्यांना बिंबाणूंची ‘धूळ’ म्हटले. १९८३ मध्ये मॉन्ट्रियल येथील रोझ जॉनस्टोन यांचा गट आणि सेंट लुईस येथील फिलिप स्टाल यांचा गट, यांनी अपरिपक्व तांबड्या पेशी नको असलेली प्रथिने पुटिकांत भरून बाहेर टाकतात, हे स्वतंत्रपणे दाखविले. तेव्हापासून पुढील दशकभर एक्झोसोम म्हणजे पेशीची कचरापेटी अशीच समजूत होती. १९९६ मध्ये त्यांचा प्रतिकारसंस्थेशी असलेला संबंध उजेडात आला. २००७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी पुटिकांतून आरएनएचे रेणू एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातात आणि तेथे कार्य करतात, असे सिद्ध केले. ज्याला कचरा म्हटले गेले, ती टपाल-व्यवस्था निघाली.

२०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉथमन, शेकमन आणि स्यूडॉफ यांना पुटिका-वाहतुकीच्या शोधासाठी मिळाले. हे संशोधन प्रामुख्याने पेशीच्या आतील वाहतुकीविषयी होते. अनेक मार्गदर्शक पुस्तकांत ते एक्झोसोमच्या शोधाचे पारितोषिक म्हणून दिलेले असते, त्याबाबत विद्यार्थ्यांनी सावध राहावे.

रोगाचे वाहक की रोगाचे साक्षीदार?

मेंदूच्या ऱ्हासविकारांचा समान धागा म्हणजे चुकीच्या घडीची प्रथिने. अल्झायमरमध्ये ॲमिलॉइड-बीटा व टाऊ, तर कंपवातात अल्फा-सिन्यूक्लीन. विकृत घडीचा एक रेणू शेजारच्या निरोगी रेणूलाही आपल्यासारखाच करतो आणि मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात विकृती सरकत जाते. ती कशी सरकते, याचे एक उत्तर पुटिकांत सापडले. २००४ मध्ये प्रायॉन प्रथिने, २००६ मध्ये ड्रेस्डेन येथील लॉरेन्स राजेंद्रन व काई सिमॉन्स यांच्या संशोधनात ॲमिलॉइड-बीटा आणि २०१० मध्ये अल्फा-सिन्यूक्लीन एक्झोसोमबरोबर पेशीबाहेर पडत असल्याचे दिसून आले. २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत, मेंदूतील सफाईचे काम करणाऱ्या पेशीच टाऊ प्रथिन पुटिकांमधून पसरवितात, असे आढळले.

म्हणजे पुटिका शत्रू ठरतात काय? इतके सरळ उत्तर नाही. विषारी प्रथिने बाहेर टाकून चेतापेशीचा जीव वाचविणाऱ्याही त्याच. शहरातील कचरा वाहून नेणारी गाडी वाटेत सांडत गेली तर रोग पसरतो. पण ती बंद केली तर घराघरांत कचरा साचतो. पुटिका-निर्मिती सरसकट थांबविण्याच्या उपायाकडे संशोधक साशंकतेने पाहतात ते यामुळेच. त्यांचे साक्षीदार म्हणून असलेले मूल्य मात्र या वादातून सुटलेले आहे. पुटिकेच्या पटलावर ती कोणत्या पेशीतून निघाली याच्या खुणा असतात आणि आत त्या वेळी पेशीत असलेली प्रथिने व आरएनए सुरक्षित राहतात. साध्या रक्तद्रवातील सुट्या प्रथिनाजवळ पाठविणाऱ्याचा पत्ता नसतो. पुटिकेजवळ तो असतो.

वाचन सोपे नाही

रक्ताच्या एका थेंबात पुटिका प्रचंड संख्येने असतात, परंतु त्यांहून कित्येक पटींनी अधिक संख्येने त्याच आकाराच्या आसपासचे मेद-प्रथिन कण तरंगत असतात. कोलेस्टेरॉल वाहणारे ते हेच कण. त्यांतून पुटिका वेगळ्या काढणे हा या शास्त्रातील पहिला आणि अजूनही सर्वांत अडचणीचा टप्पा आहे. गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट बलाने नमुना फिरविणारे अपकेंद्री यंत्र ही जुनी पद्धत. आकारानुसार कण वेगळे करणारा स्तंभ आणि विशिष्ट प्रतिपिंड चिकटविलेले चुंबकीय मणी या नंतरच्या पद्धती. वेगळ्या केलेल्या कणांवर लेसर टाकून त्यांच्या थरथरीवरून आकार व संख्या मोजतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांचे रूप पाहतात. पटलावरील सीडी ९, सीडी ६३, सीडी ८१ यांसारख्या प्रथिनांची तपासणी मग केली जाते. नमुना उपाशीपोटी घेतला की जेवणानंतर, किती वेळात थंड केला, किती वेळा गोठविला, एवढ्यानेही निष्कर्ष बदलतात. २०११ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेला या विषयासाठी किमान निकषांची संहिता २०१४, २०१८ आणि पुन्हा २०२३ अशी तीनदा काढावी लागली, यावरून अडचणीची कल्पना यावी.

या विषयातील सर्वांत बोधप्रद वाद एका प्रथिनाभोवती फिरतो. एल१-कॅम हे चेतापेशींच्या पटलावर आढळणारे प्रथिन असल्याने, त्याचा गळ टाकून रक्तातून मेंदूच्या पुटिका ‘पकडता’ येतील, असे मानले गेले. २०१४ मध्ये या पद्धतीने कंपवाताच्या रुग्णांच्या रक्तातील पुटिकांत अल्फा-सिन्यूक्लीन मोजले गेले. २०१५ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने, अल्झायमरच्या निदानापूर्वी एक ते दहा वर्षे घेऊन ठेवलेल्या रक्तनमुन्यांतही रोगाच्या खुणा दिसतात, असा दावा केला. उत्साह वाढला. पण एल१-कॅम मूत्रपिंडासारख्या इतर अवयवांतही असते आणि त्याचे तुटलेले तुकडे रक्तात सुटेही फिरतात. २०२१ मध्ये हार्वर्डशी संबंधित गटाने काळजीपूर्वक मोजणी करून दाखविले, की रक्तद्रवात व मेंदू-मज्जाद्रवात आढळणारे एल१-कॅम पुटिकांबरोबर नसून सुट्या प्रथिनांबरोबर वाहते. म्हणजे आधीच्या कित्येक अभ्यासांत जाळ्यात आलेला मासा नेमका कोणता होता, हाच प्रश्न उभा राहिला. वाद अद्याप मिटलेला नाही. २०२२ मध्ये जर्मनीतील कील येथील संशोधकांनी रक्तातील चेतापेशीजन्य पुटिकांत विकृत घडीचे अल्फा-सिन्यूक्लीन शोधून त्याची साखळी-वाढ करून दाखविली आणि कंपवाताच्या रुग्णांना निरोगी व्यक्तींपासून वेगळे ओळखले. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जैवभौतिकी विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अभ्यासात कंपवाताच्या रुग्णांच्या लाळेतील पुटिका तपासल्या. लाळ सुईविना मिळते. ग्रामीण आरोग्य केंद्राच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

येथे एक शंका रास्त आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी रक्तातील टाऊ व ॲमिलॉइड यांच्या प्रमाणावर आधारित चाचणीला मान्यता मिळाली. मग पुटिकांची गरज काय? ती चाचणी एका रोगाचे उत्तर देते, आणि तेही आधीच लक्षणे दिसणाऱ्या रुग्णांसाठी. कंपवातासाठी रक्ताची तशी प्रस्थापित चाचणी नाही. शिवाय औषध दिल्यानंतर कोणत्या पेशी सावरल्या आणि कोणत्या नाहीत, हे पेशीचा पत्ता असलेला कणच सांगू शकेल. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी करते आणि तेही रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत. अशा औषधांचा उपयोग कोणाला व केव्हा करावा, हे ठरविण्यासाठी वाचनाची साधने जितकी अचूक, तितका उपचार सार्थकी लागेल.

उपचाराची वाट

पुटिकांचा दुसरा उपयोग औषधाच्या वाहकाचा. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील घट्ट अडसरामुळे बहुतेक औषधे मेंदूत शिरू शकत नाहीत. २०११ मध्ये ऑक्सफर्डचे मॅथ्यू वुड व सहकाऱ्यांनी उंदराच्या प्रतिकारपेशींतून पुटिका घेतल्या, त्यांच्या पृष्ठभागावर रेबीजच्या विषाणूपासून घेतलेला, चेतापेशींना ओळखणारा प्रथिनखंड बसविला आणि आत ॲमिलॉइड तयार करणाऱ्या विकराला रोखणारा आरएनए भरला. शिरेतून टोचलेल्या या पुटिका मेंदूत पोहोचल्या आणि त्या विकराचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. मेंदूचा माग काढण्याची रेबीजची कुप्रसिद्ध हातोटी येथे उपचाराच्या कामी आली. २०१५ मध्ये अशाच रीतीने कॅटलेज हे विकर पुटिकांत भरून कंपवाताच्या प्राणी-नमुन्यांवर वापरले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात वैजयंती काळे यांच्या गटाने २०१८ मध्ये, तरुण पेशींच्या पुटिका मिळाल्यावर उंदरांतील वृद्ध रक्तमूळपेशींची कार्यक्षमता सुधारते, असे दाखविले. तो विषय मेंदूचा नसून रक्ताचा होता. परंतु वार्धक्याशी पुटिकांचा संबंध जोडणारे भारतीय काम म्हणून त्याची नोंद घ्यावी.

माणसांवरील पुरावा अद्याप तोकडा आहे. शांघाय येथे अल्झायमरच्या रुग्णांना चरबीतील मूळपेशींच्या पुटिका नाकावाटे देऊन घेतलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अवघे नऊ रुग्ण होते. गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत, एका मात्रेच्या गटात आकलन-गुणांत काहीशी सुधारणा नोंदली गेली. मेंदूतील ॲमिलॉइडचे साठे मात्र घटले नाहीत. एवढ्या आधारावर उपचार विकणे म्हणजे रुग्णाच्या हतबलतेचा बाजार मांडणे होय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये, मान्यता नसलेली एक्झोसोम उत्पादने घेतलेल्या नेब्रास्कातील रुग्णांना गंभीर अपाय झाल्यानंतर, जाहीर इशारा दिला होता. भारतात वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तमूळपेशींच्या प्रस्थापित उपयोगांखेरीज मूळपेशींचा इतर वापर मान्यताप्राप्त चाचणीच्या चौकटीतच करावयाचा असतो. दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णाचे घर जाहिरातीला लवकर बळी पडते, म्हणून हे तत्त्व केवळ परीक्षेपुरते पाठ करण्याचे नाही.

म्हैसूरची बैठक

पुटिकांचे मूळ शोध म्हैसूरला लागलेले नाहीत. पण या शास्त्राला ज्या तीन गोष्टी लागतात, म्हणजे रोगाचे रसायन जाणणारी प्रयोगशाळा, प्रयोगासाठी योग्य प्राणी आणि पुष्कळ वर्षांच्या नोंदी असलेली माणसे, त्या तिन्ही एका मध्यम आकाराच्या शहरात आढळणे दुर्मिळ आहे. म्हैसूरमध्ये त्या आढळतात.

चेलुवांबा राजवाड्यात १९५० मध्ये सुरू झालेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था बहुतेकांना अन्नप्रक्रियेसाठी ठाऊक असते. याच संस्थेत के. एस. जगन्नाथ राव यांच्या गटाने ॲल्युमिनियम आणि मेंदूचा ऱ्हास यांवर दीर्घकाळ काम केले व २००२ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतील डीएनएची रचना बदललेली असल्याचा पुरावा मांडला. मुरलीधर यांच्या गटाने रोटेनोन या कीटकनाशकाच्या साहाय्याने फळमाशीत कंपवातासारखी स्थिती निर्माण करून ब्राह्मीच्या अर्काचा परिणाम २००९ मध्ये तपासला. फळमाशी, म्हणजे पिकल्या केळ्याभोवती घिरट्या घालणारे ते चिलट. म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात तिचा आनुवंशिक अभ्यास कित्येक दशके चालत आला असून तिच्या विविध वाणांचे संवर्धन करणारे केंद्रही तेथे आहे. पुटिकाशास्त्राशी या माशीचे नाते जवळचे आहे. चेतापेशीकडून स्नायूकडे एक महत्त्वाचा संकेत पुटिकांतून जातो, हे २००९ मध्ये फळमाशीतच दिसले. आणि स्मृतीशी निगडित आर्क जनुकाचा आरएनए विषाणूसारख्या कवचातून पेशीबाहेर जातो, हे अमेरिकेतील दोन गटांनी २०१८ मध्ये दाखविले, त्यांपैकी एका गटाचा प्राणी हीच माशी होती.

मानसगंगोत्रीतच १९६५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. स्मृतिभ्रंशाचे काही प्रकार प्रथम भाषेत उमटतात. शब्द सापडेनासे होतात, वाक्ये तुटतात. रक्तातील कणांची मोजणी आणि बोलण्याची काटेकोर तपासणी ही दोन साधने परस्परपूरक असून, कन्नड, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी अशा अनेक भाषा बोलल्या जाणाऱ्या शहरात दुसऱ्या साधनाला विशेष काळजीने तयार करावे लागते. इंग्रजी प्रश्नावलीचे भाषांतर करून भागत नाही. निरक्षर वृद्धेला आजची तारीख विचारून तिची स्मृती मोजणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न ग्रामीण भारतात सर्वत्र येतो. शिक्षणाचा परिणाम ज्यावर होत नाही असा जैवनिर्देशक भारताला अधिक हवा आहे, तो यासाठी.

तिसरी आणि सर्वांत मोलाची ठेव म्हणजे जन्मनोंदी. १९०६ मध्ये सुरू झालेल्या होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालयात १९३४ पासून प्रत्येक नवजात बालकाचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर यांची नोंद जपून ठेवण्यात आली. त्या वह्यांच्या आधारे, १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांचा शोध घेऊन केलेला अभ्यास १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मवेळी अडीच किलो किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण ११ टक्के, तर ३.१ किलोहून अधिक वजन असलेल्यांमध्ये ते ३ टक्के आढळले. एका सुईणीने तराजूवर ठेवलेल्या बाळाचा आकडा साठ वर्षांनी शास्त्राच्या उपयोगी पडला. पुढे मुरली कृष्ण व सहकाऱ्यांनी याच नोंदींतील, १९३४ ते १९६६ दरम्यान जन्मलेल्या सातशेहून अधिक व्यक्तींच्या उतारवयातील आकलनशक्तीचा अभ्यास हाती घेतला. जन्मापूर्वीचे पोषण आणि वार्धक्यातील स्मृती यांचा संबंध तपासणे हा त्याचा हेतू.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरात २०१४ मध्ये स्थापन झालेल्या मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरील दहा हजार ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला आहे. तेथे माणसांचा मागोवा पुढे घेतला जातो; म्हैसूरच्या वह्यांत तो मागे, थेट पाळण्यापर्यंत जातो. अशा नोंदींना ठराविक वर्षांनी घेतलेल्या व योग्य रीतीने गोठविलेल्या रक्तनमुन्यांची जोड मिळाली, तर एल१-कॅमसारखे वाद प्रयोगशाळेतील तर्काने नव्हे, तर पुढे खरोखर आजारी पडलेल्या व न पडलेल्या माणसांच्या तुलनेने सुटू शकतात. त्यासाठी लागणारे यंत्र परदेशातून आणता येते. नव्वद वर्षांपूर्वीची नोंद आणता येत नाही. होल्ड्सवर्थच्या त्या नोंदींतील १९३४ चे सर्वांत वयोवृद्ध नाव आज नव्वदी ओलांडून गेले आहे. आणि १९६६ साली जन्मलेले, म्हणजे त्या अभ्यासातील सर्वांत धाकटे, २०२६ मध्ये साठी पूर्ण करतात.